कागदाची 'हनली' आणि गोव्याची हवा

जुन्या पाणबुडीचे कागदी मॉडेल करायचे तर 'एच. एल. हनली'सारखी दुसरी नाही. लांबी १२ मीटर, रुंदी जेमतेम १.१७ मीटर. १:४८ प्रमाणात हे २५ सेंटिमीटर आणि २४ मिलिमीटर होतात, म्हणजे अख्खी पाणबुडी ए-४ कागदावर मावते. आतल्या माणसांनी हाताने दांडा फिरवून ती चालवली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १७ फेब्रुवारी १८६४ रोजी, चार्ल्सटनजवळ तिने शत्रूचे 'हूसाटॉनिक' हे जहाज बुडवले आणि आठही जणांसह स्वतःही तळाशी गेली. ८ ऑगस्ट २००० रोजी ती वर काढली.

ही शेवटची तारीख मॉडेलवाल्यांनी लक्षात ठेवावी. त्याआधीचे आराखडे बरेचसे ऐकीव माहितीवर आणि आठवणींवर बेतलेले आहेत. बॉयलर कापून केलेले ओबडधोबड पिंप त्यांत दिसते. प्रत्यक्षात निघाली ती मुद्दाम घडवलेली, दोन्ही टोकांना निमुळती, सुबक बोट. रिव्हेटही, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, पत्र्याच्या पातळीत बसवलेले होते. तेव्हा सुईने ठिपके उठवून रिव्हेट दाखवायचा मोह आवरा. जुन्या आराखड्यात वरच्या बाजूला दिसणारा, टोकाला स्फोटक लावलेला दांडाही प्रत्यक्षात नाकाच्या खालच्या अंगाला होता.

बाहेरच्या कातडीला १६० ते १८० जीएसएमचे (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचे) कार्डशीट आणि आतल्या सांगाड्याला १ मिलिमीटर पुठ्ठा घ्या. कार्डशीटच्या तंतूंची दिशा आधी तपासा. छोटा तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळतो, आणि जी नळी तयार होते तिच्या लांबीत तंतू असतात. ही लांबी पाणबुडीच्या लांबीच्या दिशेने यायला हवी. उलट लावलात तर कागद गोल होताना मोडतो, गोलाईच्या जागी पैलू पडतात.

सांगाडा म्हणजे उभा कणा आणि त्यात खाचा मारून बसवलेल्या बरगड्या. बरगड्या २० मिलिमीटर अंतरावर पुरतात, टोकांकडे १५ वर आणा. मधला छेद अंडाकृती आहे: रुंदी २४ आणि उंची सुमारे २७ मिलिमीटर. इथेच बहुतेकांचे गणित चुकते. ही मापे बाहेरची आहेत, त्यामुळे बरगडी कातडीच्या जाडीएवढी आत कापावी लागते. त्रिज्या ०.३ मिलिमीटरने जास्त झाली की घेर जवळजवळ २ मिलिमीटर वाढतो आणि सांधा मिटतच नाही. मग लोक ओढून चिकटवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे उघडते.

फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावा, तोही सांध्यावर आणि त्या तुकड्याच्या दोन टोकांच्या बरगड्यांवर. मधल्या बरगड्यांवर कातडी नुसती टेकू द्या. सगळीकडे गोंद लावला की सुकताना कागद आत खेचला जातो आणि पाणबुडी उपाशी गुरासारखी दिसते. दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याला लावतो ती मैद्याची खळ इथे अजिबात नको, तिच्यातल्या पाण्याने कार्डशीट फुगते. सांधा पोटाखाली घ्या. मूळ पाणबुडीला तिथे लोखंडी वजने होती, त्यांची पट्टी सांधा झाकून टाकते.

निमुळत्या टोकांसाठी पाकळ्या कापण्यापेक्षा अरुंद शंकूसारख्या पट्ट्या एकापुढे एक जोडणे बरे. पाकळ्यांची टोके एकत्र आली की तिथे गोंदाचा गठ्ठा होतो. प्रत्येक कापलेली कड चिकटवण्याआधी ६बी पेन्सिलने घासा. पांढरी रेघ झाकली जाते आणि ग्राफाइटला लोखंडाची झाक येते. वरच्या काचांच्या पाच जोड्यांसाठी मिलिमीटरभर काळे ठिपके आणि त्यांवर फेविकॉलचा एकेक थेंब. तो सुकला की काचेसारखा चमकतो.

स्फोटकाचा दांडा ४.९ मीटरचा, म्हणजे मॉडेलवर १०२ मिलिमीटर. त्याला माडाचा हीर घ्या, खराट्यातला, पूर्ण वाळलेला. कागदाची गुंडाळी एवढ्या लांबीत लवते, हीर लवत नाही. तो नाकाच्या कागदाला नाही, आत कण्याला चिकटला पाहिजे, नाहीतर नाक खाली झुकते.

आता हवेचे. जून ते सप्टेंबर गोव्यात कार्डशीट उघडे ठेवले की दोन दिवसांत लोळते. कापलेले भाग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, वर वजन ठेवून, सपाट राहू द्यात. इंकजेटची शाई या दमटपणात फुटते. लेझर प्रिंट टिकते, पण घडीवर तिचा थर तडकतो, तिथे पुन्हा पेन्सिल फिरवा. व्हार्निशचा स्प्रे भर पावसात मारलात तर पांढरट धुके येते, आणि काळ्या पाणबुडीवर ते लपत नाही. दिवाळीनंतरची कोरडी दुपार त्याला उत्तम. दांडा स्प्रेनंतर, अगदी शेवटी लावा, कारण हाताळताना पहिला मोडतो तोच.