हात लावणं

पणजीत ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पावणेचारच्या सुमारास शटरं वर जायला लागतात. तोवर अर्धं शहर जेवून कुशीवर वळलेलं असतं. मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी मी वीजबिल भरायला निघालो होतो. एका हातात बिल, दुसऱ्यात छत्री. उन्हात छत्री घेणारा बाप्या म्हणून घरचे मला हसतात. हसोत.

एका बंद दुकानाच्या पायरीशी एक म्हातारी उभी होती, पायाशी मानकुराद आंब्यांनी भरलेली पाटी. भाव विचारायची छाती नव्हती, म्हणून नजर चुकवून पुढे सटकत होतो, तर तिने ती नेमकी पकडली. माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बस्स.

मी छत्री काखेत मारली, बिल दातांत धरलं. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलीवर पेंगत बसलेला एक पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटरसायकल-टॅक्सीवाला, कधी उतरून पाटीच्या दुसऱ्या बाजूला आला कळलं नाही. तिने टॉवेलाची चुंबळ डोक्यावर बसवली, गुडघ्यात किंचित वाकली. आम्ही उचललं. ओझं आपल्या हातांतून दुसऱ्याच्या मानेत उतरतं तो क्षण नेमका कळतो. मनगटं एकदम रिकामी होतात. पाटी जराशी डावीकडे कलली, मग बसली. डोक्यावर ओझं असताना मान डोलवता येत नाही. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि चालू लागली. पायलट परत पेंगायला. आंब्यांचा वास तेवढा हातांना राहिला.

मला हे आवडलं. कोणी थँक्यू म्हटलं की मी अवघडतो आणि ‘देव बरें करूं’ म्हटलं तर आपण भलतंच काही मोठं केल्यासारखं वाटतं. पापणी बरी.

लहानपणी डिचोलीकडे गावात आई डोंगरावरून लाकडांचा भारा आणायची. मी सोबतीला, पण हात तिच्या कमरेपर्यंतच पोचणारे. दम खायचा तर ती खांद्याएवढा दगडी गडगा शोधायची, त्यावर भारा सरकवायची आणि निघताना वाकून पुन्हा खाली डोकं घालायची. गडगा नसला की भारा जमिनीवर आणि आम्ही दोघं वाटेवर, कोणी हात लावणारं येईपर्यंत. “बेगीन वाड रे,” ती म्हणायची. मी वाढलो तोवर घरात गॅस आला होता.

रस्त्याला ज्या तारखेचं नाव आहे, त्या दिवशी १९४६ साली मडगावात भर पावसात लोहिया बोलायला उभे राहिले. परवानगीवाचून सभेत बोलणं हाच तेव्हा गुन्हा. पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं आणि लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारलं, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो. बोलण्यासाठी गाजलेल्या तारखेच्या रस्त्यावर आम्ही तिघांनी तोंड उघडलं नाही, याची उगाच गंमत वाटली. मला तर उघडणं शक्यच नव्हतं.

रांगेत उभं राहिल्यावर आठवलं, पाटी उतरवायलाही हात लागतो. पुढे तिला कोण भेटलं असेल?

नंबर आला. खिडकीपलीकडच्याने बिलावरचे दातांचे ठसे पाहिले, मग मला पाहिलं आणि शिक्का मारला.