माती परीक्षणावर बोलायचं आणि लोकांनी जागं राहायचं: माझा अनुभव

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे, सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठची गावं माझ्याकडं. उसाच्या आडसाली (पावसाळ्यात लावायच्या, दीडेक वर्षाच्या) लागणी सुरू व्हायच्या आधी गावोगाव मेळावे असतात आणि त्यात माती परीक्षण, खतांचे डोस, क्षारपड म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन हे विषय माझ्या गळ्यात. हे विषय महत्त्वाचे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मला वाटतं म्हणूनच कोण ऐकत नाही.

वरनं एक तयार पीपीटी आलेली होती. पहिल्या स्लाइडला लोगो, मग मातीची व्याख्या, मग महत्त्व, मग उद्देश, मग मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांचा तक्ता, नत्र (नायट्रोजन) स्फुरद पालाशपासून बोरॉनपर्यंत आणि वर सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. अक्षर एवढं बारीक की पहिल्या ओळीतल्या माणसाला पण दिसंना. आणि मेळावा कुठं, तर देवळाच्या सभामंडपात, तीन बाजूंनी उघडा, भर दुपारी प्रोजेक्टरवर नुसता पांढरा उजेड. लोक बसलेले असायचे पण पंगतीची वाट बघत, कोण मोबाईलवर, कोण खांबाला टेकून डुलक्या घेतोय, आणि शेवटी मी विचारायचो काही शंका? तर कोण हूं की चूं करत नाही. ही शांतता ज्यानं अनुभवलीय त्यालाच माहीत.

ऑफिसात सल्ले बरेच मिळाले. फोटो टाक, जीआयएफ टाक, मधी एखादी चारोळी म्हण, जोक मार. सगळं करून बघितलं. जोकला लोक हसले, आणि जोक संपला की परत खांबाला टेकले. माझं आता ठाम मत झालंय की कोरड्या विषयाला वरून रंग लावून काय होत नाही, उलट लोकांना वाटतं की ह्यालाच ह्याचा विषय बोर होतोय.

फरक पडला तो एका गावात, आणि तो पण लाईट गेली म्हणून. पीपीटी बंद, हातात नुसता त्याच गावातल्या एका रानाचा रिपोर्ट होता. काय बोलायचं सुचंना म्हणून विचारलं, एकरी आडसालीला युरियाची किती पोती टाकता, नुसता आकडा सांगा. आणि काय सांगू, सभा उठूनच बसली. एकजण म्हणाला सात, दुसरा म्हणाला दहा, मागनं एक म्हातारे ओरडले, "आरं तू दहा सांगतुयास, तुझ्या रानात मी चौदा बघितल्यात!" हशा पिकला. मग मी हिशोब मांडला. कृषी विद्यापीठाची आडसालीची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे एकरी १६०. युरियात नत्र ४६ टक्के, पोतं ४५ किलोचं, म्हणजे एका पोत्यात पावणेएकवीस किलोच्या आसपास. सगळा नत्र युरियातनंच द्यायचा म्हटला तरी आठ पोत्यांच्या आत बसतंय.

"आन डीएपी?" तेच म्हातारे. हाच प्रश्न मला पाहिजे होता. डीएपी हे स्फुरदाचं खत, पण त्याच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र पण असतो, १०:२६:२६ ह्या मिश्र खताच्या पोत्यात ५ किलो, आणि हा नत्र कोणच हिशोबात धरत नाही, युरियाचा हिशोब वेगळाच चालतो. लगेच दुसऱ्यानं विचारलं, "आणि ८६०३२ ला?" उसाच्या त्या जातीला २५ टक्के जादाची शिफारस आहे, म्हणजे एकरी २०० किलो, युरियात धरलं तर दहा पोती. पण ते सुद्धा सगळं मिळून. दहाजणांनी दहा प्रकारे वाद घातला आणि त्या वादात खत व्यवस्थापनाचा सगळा विषय होऊन गेला, एक स्लाइड न दाखवता.

तिथनं पुढं मी नियमच करून टाकला की कुठलाही आकडा सांगायच्या आधी लोकांकडनं त्यांचा अंदाज काढून घ्यायचा. माणसानं चारचौघांत एकदा आकडा बोलून टाकला की खरा आकडा ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आपण बरोबर होतो का चूक एवढं तरी त्याला बघायचंच असतं. आणि दुसरं, हेक्टर हा शब्दच काढून टाकला. आमच्याकडं हेक्टर सातबारावर असतो, डोक्यात एकर आणि गुंठा असतो. रिपोर्टमधलं किलो प्रति हेक्टर मी घरीच एकरी पोत्यात करून नेतो.

बारा घटकांपैकी आता मी तोंडी फक्त तीनच घेतो, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बाकीचं छापील कागदावर देतो, ज्याला पाहिजे तो वाचेल. ह्यावर ऑफिसात कुरकुर झाली, विषय अर्धवट होतो म्हणून. मी म्हटलं पूर्ण विषय झोपलेल्या माणसाला सांगण्यापेक्षा अर्धवट जाग्या माणसाला सांगितलेला बरा. साहेब काय बोलले नाहीत, म्हणजे चालतंय असं मी धरलं.

क्षारतेचा भाग सगळ्यात अवघड. ईसी (क्षारतेचं माप) एक, ईसी दोन, डेसिसायमन प्रति मीटर, हे ऐकून कुणाचं काय होणार? ह्याच्यासाठी मी दोन गोष्टी करतो. पहिली बटाट्याची. सुरुवातीलाच दोन काचेचे ग्लास टेबलावर ठेवतो, एकात साधं पाणी, एकात तीन-चार चमचे मीठ घातलेलं, आणि समोरच्याच एखाद्याला बोलवून बटाट्याच्या बोटाएवढ्या पातळ फोडी दोन्हीत टाकायला लावतो. का ते सांगत नाही. मग बाकीचं बोलणं सुरू. पण लोकांची नजर अधनंमधनं तिकडं जातच असते. अर्ध्या तासानं त्याच माणसाला फोडी काढायला सांगायच्या. साध्या पाण्यातली ताठ असते, वाकवली की कटकन मोडते. मिठाच्या पाण्यातली रबरासारखी, बोटाला गुंडाळली तरी मोडत नाही. ती फोड हातोहात मागच्या ओळीपर्यंत जाते. मग मी विचारतो, ही पाण्यातच होती ना, मग ह्याच्यातलं पाणी गेलं कुठं? एका बचत गटाच्या बैठकीत एक काकू पटकन म्हणाल्या, "कोशिंबिरीला मीठ आधी लावलं की काकडीला पाणी सुटतंय, तसंच की." माझ्या अख्ख्या पीपीटीत एवढं सोपं वाक्य नव्हतं. रानात ओल आहे, पाणी दिलंय, तरी ऊस दुपारी माना टाकतो, पिवळा पडतो, ते ह्यामुळं. मातीत क्षार जास्त झाले की मुळीला पाणी ओढायला जड जातं.

दुसरी गोष्ट पोत्यांची. बोअरच्या पाण्याचा ईसी १ असला तर लिटरमागं साधारण ०.६४ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ऐकायला काहीच नाही. मग एकरात १० सेंटिमीटर पाणी भरलं तर किती लिटर होतं विचारायचं, लोक हजारांत सांगतात, होतं चार लाखाच्या आसपास. म्हणजे एका पाळीत अडीचशे किलो क्षार रानात जातात. इथं मी ५० किलोची पाच रिकामी पोती टेबलासमोर एकेक करून टाकतो, न बोलता. मग वर्षाला पाळ्या किती, तो गुणाकार त्यांचा तेच करतात, आणि आपोआप निचऱ्यावर गाडी येते, कारण आलेला क्षार बाहेर जायला वाट पाहिजे. नुसतं जिप्सम टाकून हे सुटत नाही हे सांगायला मग जास्त बोलावं लागत नाही. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला, जिथं सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त. नुसत्या खारवट रानात निचरा आणि गोड्या पाण्यानं धुणं हेच. आमच्या भागात लोक पांढरं दिसलं की जिप्सम ओततात, त्यामुळं ह्या ठिकाणी मी मुद्दाम रेंगाळतो.

चुनखडीची टेस्ट पण करायचो, प्रयोगशाळेतनं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची ड्रॉपरची बाटली नेऊन ढेकळावर दोन थेंब, चुनखडी असली की फसफसतं. लोकांना जाम आवडायचं. पण पोरं पुढं घुसायला लागली, एकानं बाटलीच उचलली, तेव्हापासनं बंद केलं. भारी दिसतंय म्हणून सगळंच करायचं नसतं.

प्रोजेक्टर अजून नेतो, पण स्लाइड मोजक्याच, आणि त्यात जास्त करून त्याच गावच्या शिवारातले फोटो, मालकाला विचारून आणि नाव न घालता. स्वतःच्या गावची माती पडद्यावर आली की हे कुणाचं रान असंल ह्यावरच पाच मिनिटं जातात, जाऊ देतो.

आणि शेवटी शंका विचारणं बंद केलं. त्याऐवजी संपलं की मी चहाच्या किटलीजवळ जाऊन उभा राहतो. माईकवर तोंड न उघडणारा माणूस तिथं खिशातनं घडी घातलेला रिपोर्ट काढतो.

एक मात्र सांगतो, हेच सगळं ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब लोकांसमोर करायला गेलो तर बटाटा चालला नाही. त्यांना तक्ताच पाहिजे होता, आणि तो पण एका पानावर. तिथं मी फक्त एवढं केलं की निष्कर्ष पहिल्या ओळीत लिहिला आणि कारणं खाली, कारण साहेब दुसऱ्या ओळीनंतर फोन घेतात.

आता पुढच्या मेळाव्यांना जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा विषय दिलाय, अनुदान आणि कागदपत्रांसकट. ह्याच्याइतकं रटाळ काही नाही. पण त्यातली खरी गोम कागदात नाहीच, पाईपचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर ते खालच्या शेजाऱ्याच्या रानातनं जाणार, आणि त्याची संमती लागणार. म्हणून ह्या वेळी स्लाइड करतच नाहीये. गावचा गट नंबरचा नकाशा मोठा छापून घेतलाय, तो सतरंजीवर अंथरणार आणि एकेकाला खडू देऊन विचारणार, तुझं पाणी कुणाच्या बांधावरनं काढतोस ते दाखव. सरपंचांना कल्पना देऊन ठेवलीय की आवाज वाढतील, त्यांनी नुसतं समोर बसावं.