शिंगं नसलेली कुर्ली

माझ्या वहीत गेली दोन वर्षं गुहागरच्या पुळणीवरच्या बिळात राहणाऱ्या कुर्ल्यांच्या दोन जाती नोंदलेल्या आहेत. एक डोळ्यांवर शिंगं असलेली, दुसरी बिनशिंगांची. त्यातली दुसरी जात मी परवा खोडली. का खोडली ते सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावर फिरून फोटो काढणारे बरेच जण हीच चूक करत असणार.

शिंगांच्या कुर्लीबद्दल शंका नव्हती. ऑसिपोड सेराटॉफ्थॅल्मस. १७७२ साली पालास या निसर्गशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. ऑसिपोड म्हणजे चपळ पायांची, आणि जातीच्या नावाचा अर्थच शिंगं असलेल्या डोळ्यांची. मोठ्या कुर्लीचा डोळा दांडीच्या टोकाला संपत नाही, दांडी डोळ्याच्याही वर टोकदार होऊन निघते. चौकोनी पेटीसारखं अंग, पाठीवर मागच्या बाजूला इंग्रजी एच अक्षरासारखा गडद डाग, आणि एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी. मोठी नांगी कधी डावी असते, कधी उजवी. मादीच्याही नांग्या लहानमोठ्याच असतात, त्यामुळे नांगीवरून नर ठरवायचा नाही, उलटी करून पोटाची झडप बघायची. निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी.

बिनशिंगांच्या मात्र लहान, ठिपक्याठिपक्यांच्या, वाळूत मिसळून जाणाऱ्या. भारतात बिनशिंगांची ऑसिपोड कॉर्डिमानस नावाची जात आहे हे वाचलेलं होतं, म्हणून मी तेच नाव लिहून टाकलं. रंगावर तर मी विसंबणारच नव्हते, उजेडाप्रमाणे ह्या कुर्ल्या अंगाची छटा कमीजास्त करतात. पण शिंगांवर विसंबले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर स्लाइड बघायच्या, आणि एका खुणेवर निदान करायचं नाही हे नव्या मुलींना मीच शिकवते.

परवा शनिवारी रात्री भाच्याला घेऊन सुरूच्या बनाच्या बाजूने पुळणीवर उतरले. ओहोटी लागली होती. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की कुर्ली क्षणभर थबकते, तेवढ्यात रुंद तोंडाची बरणी पालथी घालायची. जराशी चूक झाली तर संपलं, सेकंदाला दोन मीटरच्या आसपास पळते ती. तिसऱ्या प्रयत्नात एक सापडली. पाठीची रुंदी १६ मिलिमीटर.

"आत्या, हिला शिंगंच नाहीत."

"नांगी बघू आधी. आतल्या बाजूने."

पाठीमागून दोन बोटांत धरून मी मोठ्या नांगीच्या तळव्यावर दहापट भिंग लावलं. तळव्यावर एक उभी कड होती. वरच्या भागात वेगवेगळे उंचवटे, मण्यांची ओळ लावल्यासारखे, आणि खाली येता येता त्यांच्या जागी एकमेकींना चिकटून बारीक रेषा, कंगव्याच्या दातांसारख्या. ही कड ती त्याच नांगीच्या बुडाजवळच्या सांध्यावर घासते आणि त्यातून करकर आवाज निघतो. कॉर्डिमानसच्या तळव्यावर अशी कड नसतेच. म्हणजे माझ्या हातात होती ती कॉर्डिमानस नव्हती.

पुढच्या तासाभरात आणखी दोन मिळाल्या. २४ मिलिमीटरवालीच्या डोळ्याच्या टोकाला मोहरीहून लहान फुगवटा होता, ४१ मिलिमीटरवालीला पूर्ण शिंगं. तिघींच्याही कडेची घडण तीच, वर मणी, खाली रेषा. शिंगं वयाबरोबर येतात. माझी दुसरी जात म्हणजे पहिल्याच जातीची पोरं होती.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण वाळूवरची ह्या कुर्ल्यांची बिळं मोजून किनारा कितपत तुडवला जातोय याचा अंदाज जगभर घेतात. मीही दर महिन्याला ठरावीक पट्ट्यातली बिळं मोजते. माझ्या वहीत "कॉर्डिमानस कमी झाली" अशी एक नोंद आहे. ती चुकीची. कमी झाली होती ती ह्या जातीची नवी पिढी, आणि ते जास्त वाईट आहे. त्या महिन्यात पर्यटकांच्या गाड्या पार पाण्यापर्यंत आलेल्या होत्या, चाकांच्या पट्ट्यात एकही लहान बीळ उघडं नव्हतं. मोठी कुर्ली मीटरभर खोल जाऊन बसू शकते. लहानीचं बीळ उथळ असतं. गाडी वाळूत घालू नका हो, एवढं कळकळीने सांगते.

कासवांच्या हंगामात लोक ह्या कुर्ल्यांना शत्रू ठरवतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी आणि पिल्लं त्या खातात हे खरं आहे. पण मेलेली मासळी आणि लाटेने टाकलेली घाणही त्याच खातात.

तिघींना आपापल्या बिळाशी सोडलं. धाकटी लगेच आत गेली नाही. ओल्या वाळूवर अंग टेकून बसली. पायांच्या बुडाशी केसांचे झुबके असतात, त्यांनी वाळूतली ओल वर खेचून कल्ले भिजवते ती, पाण्यात न जाता. भाचा श्वास रोखून बघत होता. मग तिरकी होऊन ती बिळात शिरली, आणि थोड्या वेळाने वाळूचा एक गोळा बाहेर फेकला.

घरी येऊन वहीतलं कॉर्डिमानस प्रत्येक पानावर लाल पेनाने खोडलं. एकूण २३ नोंदी निघाल्या. शेजारी लिहिलं: सेराटॉफ्थॅल्मस, लहान.