फॉरवर्ड केलेले मेल परत का जातात

ग्रुपमधे तीन कंपन्या, तीन डोमेन, आणि मेलही तीन ठिकाणी. एक मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, एक गूगल वर्कस्पेसवर, आणि सगळ्यात जुनं डोमेन अजून सीपॅनलच्या (होस्टिंग सांभाळायचं कंट्रोल पॅनल) शेअर्ड होस्टिंगवर, त्याचे अकाउंट्स, सेल्स वगैरे पत्ते नव्या डोमेनकडे फॉरवर्ड केलेले. असे सेटअप मी बरेच बघतो आणि तक्रार ठरलेली असते, अकाउंट्सच्या मॅडम म्हणतात सर, सप्लायरचे मेल येतात पण बँकेचे येतच नाहीत. "सर्व्हर डाउन असेल" म्हणून हे सोडून देऊ नका, कोणाचे येतात आणि कोणाचे नाही यातच उत्तर असतं.

आधी बाउन्सचा, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचनेचा, पूर्ण मजकूर मागवा. लोक वरच्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, पण कोणत्या सर्व्हरने मेल नाकारला आणि कोड काय दिला हे खाली लिहिलेलं असतं. ५.७.५२० दिसला तर मायक्रोसॉफ्टच आपोआप बाहेर जाणारं फॉरवर्ड अडवतंय, आणि सिस्टर कंपनी दुसऱ्या टेनंटवर (टेनंट म्हणजे कंपनीचं स्वतंत्र खातं) असेल तर त्याच्या दृष्टीने तीही बाहेरचीच. परवानगी आउटबाउंड स्पॅम पॉलिसीतून देता येते, पण त्या एकदोन मेलबॉक्सपुरतीच द्या, सगळ्या कंपनीला नको.

५.१.१, म्हणजे असा युजरच नाही, हा आला आणि पत्ता तर चालू आहे, बाहेरच्यांचे मेल व्यवस्थित येतात, फक्त आपल्याच जुन्या सर्व्हरवरून पाठवलेले परत येतात, तर सीपॅनलमधे ईमेल राउटिंग बघा. डोमेन दुसरीकडे हलवलं, एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणाऱ्या नोंदी) बदलले, पण तिथे "लोकल" तसंच राहिलं की तो सर्व्हर एमएक्सकडे बघतच नाही, स्वतःकडेच मेलबॉक्स शोधत बसतो. "रिमोट" केलं की झालं.

आता बँकेच्या मेलचं. तिथे जीमेलवाल्या बाजूने ५.७.२६ येतो. मेलला दोन पाठवणारे असतात, लिफाफ्यावरचा एक आणि आतल्या पत्रावरचा एक. एसपीएफ, म्हणजे आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचे याची डोमेनने जाहीर केलेली यादी, लिफाफा तपासतं. आपला जुना सर्व्हर बँकेचा मेल पुढे ढकलतो तेव्हा आयपी आपला, लिफाफ्यावर नाव बँकेचं, म्हणजे एसपीएफ फेल. यावर होस्टिंगवाले एसआरएस चालू करायला सांगतात, त्याने लिफाफ्यावर आपलं डोमेन येतं आणि एसपीएफ पास होतं. पण डीमार्क (आपल्या नावाचा मेल तपासात नापास झाला तर काय करायचं हा डोमेनने ठरवलेला नियम) बघतं की पास झालेलं डोमेन पत्रावरच्या डोमेनशी जुळतं का, आणि आता ते जुळत नाही! म्हणजे सगळा भार डीकिमच्या सहीवर, पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. मेलला हात न लावता पुढे पाठवला तर ती सही टिकते, पण जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली कंपनीचा डिस्क्लेमर चिकटवायची सेटिंग चालू असली किंवा सब्जेक्टमधे "एक्स्टर्नल" घातलं की ती सही तुटते. बँकांनी बहुतेक डीमार्कची पॉलिसी रिजेक्टवर (नापास मेल नाकारा) ठेवलेली असते, म्हणून त्यांचे मेल परत जातात, आणि छोट्या सप्लायरकडे डीमार्कच नसतं किंवा नन (काहीच करू नका) असतं म्हणून ते निभावतात. मॅडमचं कोडं हे एवढंच आहे.

याहून वाईट म्हणजे एसआरएस नसेल तर बाउन्स जातो मूळ पाठवणाऱ्याकडे, आपल्याला पत्ताच लागत नाही. आणि स्पॅमही तसाच फॉरवर्ड होत राहतो, मग आपल्या सर्व्हरच्या आयपीची पत जाते आणि साधी कोटेशनसुद्धा समोरच्याच्या स्पॅममधे पडायला लागतात.

तात्पुरतं म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या मेलवरचा डिस्क्लेमर बंद करा, त्याने बरेच मेल लगेच सुरू होतात. बँकेला "आमचा आयपी तुमच्या एसपीएफमधे घाला" असं सांगायला मात्र जाऊ नका, ते करणार नाहीत आणि करूही नये. खरा उपाय म्हणजे फॉरवर्डच काढून टाकणं. जुनं डोमेन मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलमधे जोडा, एमएक्स थेट तिकडे वळवा आणि जुने पत्ते एलियस (त्याच मेलबॉक्सचं दुसरं नाव) म्हणून द्या. मायक्रोसॉफ्टमधे अकाउंट्ससारख्या पत्त्याला शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांनी मिळून वापरायचा) करता येतो, ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, त्यामुळे "खर्च कशाला" हा मालकांचा प्रश्नही तिथेच मिटतो. फक्त एक डोमेन एकाच टेनंटमधे बसतं, म्हणून कोणतं कुठे ठेवायचं हे आधी ठरवून घ्या.

मग बाहेरच्या एखाद्या अकाउंटवरून मेल टाकून पूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाची तांत्रिक माहिती) उघडा, ऑथेंटिकेशन रिझल्ट्समधे एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पास दिसले पाहिजेत. आपल्या डोमेनचं डीमार्क रिजेक्टवर न्यायची घाई मात्र नको, आधी ननवर ठेवून रिपोर्ट मागवा, कारण इन्व्हॉइस पाठवणारं ईआरपी, वेबसाइटचा फॉर्म, एचआरचं सॉफ्टवेअर असे आपल्या नावाने मेल पाठवणारे कितीतरी जण त्यातूनच सापडतात.