जांघेतून आत गेलेला पेसमेकर जांघेतूनच बाहेर

लीडलेस पेसमेकर परत बाहेर काढता येतो, हे बसवताना मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तेव्हा कम्प्लीट हार्ट ब्लॉक होता, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वीज खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हती; ठोके पस्तिशीत आले होते, प्रश्न विचारायच्या मनःस्थितीत कोण असतं! मी नाशिकला ढोल पथकात वाजवते. ढोलाचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो आणि नेहमीच्या पेसमेकरची डबी नेमकी तिथेच, कॉलरबोनखाली बसते. म्हणून लीडलेस ठरला. डबी नाही, तारा नाहीत. व्हिटॅमिनच्या मोठ्या कॅप्सूलएवढं यंत्र, २६ मिलिमीटर लांब, वजन साधारण दोन ग्रॅम, थेट हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात.

यंत्रात बिघाड असा काहीच झाला नाही, हे आधी सांगते. बिघडलं ते माझं पंपिंग. बसवलं तेव्हा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा, ६० होतं, ते दोन-अडीच वर्षांत ४० वर आलं. जिना चढताना धाप लागायची, ती मी वयावर ढकलत होते. डॉक्टरांनी कारण नीट समजावलं. हृदयातली वीज एरवी स्वतःच्या वाटेने जाते, त्यामुळे डावा-उजवा कप्पा जवळजवळ एकदमच आकुंचन पावतो. पेसमेकरचा ठोका उजवीकडून सुरू होतो आणि डावी बाजू मागून येते. माझा तर जवळजवळ प्रत्येक ठोका यंत्राचाच. अशा काही पेशंटमध्ये वर्षानुवर्षांच्या या मागे-पुढेमुळे पंप थकतो. उपाय म्हणजे तार असलेला नवा पेसमेकर, आणि ती तार दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेजवळ रोवायची.

मग आतल्या कॅप्सूलचं काय? इथे आम्ही खरे अडकलो. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं, बंद करून आतच राहू द्या, बहुतेकांचं तेच करतात. बोलणं चुकीचं नव्हतं. ओढताना हृदयाची भिंत फाटू शकते, झडपेचे दोरे दुखावू शकतात, आणि बंद कॅप्सूल आत गप्प पडून राहते. पण हा हिशेब सत्तरी-पंचाहत्तरीच्या पेशंटला धरून केलेला. माझी पंचेचाळिशीही व्हायची होती. मुंबईत दुसरं मत घेतलं, तिथले डॉक्टर म्हणाले, "हे यंत्र माणसात पहिल्यांदा बसलं डिसेंबर २०१३ मध्ये. तीस वर्षं आत राहिलेली कॅप्सूल जगात कोणी पाहिलेलीच नाही, ताई. काढायची असेल तर आत्ताच प्रयत्न करू. जितका उशीर, तितकं तिच्यावर मांस चढणार." आणि अट घातली: शेपूट मोकळं दिसलं तरच, नाहीतर हात लावणार नाही. ही अट ऐकून माझा निर्णय झाला. हमखास काढतो म्हणाले असते तर मी उठून आले असते.

शेपूट म्हणजे कॅप्सूलचं मागचं टोक. पुढच्या टोकाला नायटिनॉल या लवचीक धातूचे चार आकडे, म्हणजे हुक असतात, ते हृदयाच्या स्नायूत रुतून बसतात. मागे एक बारीक मान असते, फास टाकण्यासाठीच ठेवलेली. दुसऱ्या एका प्रकारात आकड्यांऐवजी स्क्रू असतो, त्याला काढायचं वेगळं कॅथेटरच (शिरेतून आत घालायची लांब नळी) मिळतं आणि उलटं फिरवून तो सोडवतात. माझा आकड्यांचा. इकोत शेपूट हलताना दिसलं, झडपेपासून लांब. चला, म्हटलं.

टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीने, मात्र कॅशलेस अडवलं. त्यांची क्वेरी शब्दशः अशी: पेशंटला पेसमेकरची गरज आहे तर काढता का, आणि काढायचा आहे तर बसवता का? आमचे हे दोन दिवस फोनवरच होते.

कॅथ लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या तयार होत्या आणि हार्ट सर्जनची टीम बाहेर थांबलेली होती. मी पूर्णपणे यंत्रावर, म्हणून आधी दुसऱ्या शिरेतून तात्पुरती तार घातली. नवी कायमची तार नंतर, कारण ओढाताणीत ती सुटायला नको. मग उजव्या जांघेतल्या शिरेत नळी गेली, बाहेरून जवळपास नऊ मिलिमीटर जाड. भूल हलकीच होती, अर्धंमुर्धं कानावर पडत होतं. एक्स-रेच्या पडद्यावर कॅप्सूल स्पष्ट दिसते, पण ती सपाट सावली. फास पुढे आहे की मागे ते कळत नाही. म्हणून मशीन एकदा या कोनात, एकदा त्या कोनात फिरवायचं. "आला... नाही, घसरला," हे किती वेळा ऐकलं कोण जाणे. प्रत्येक वेळी छातीत दोन-चार जास्तीचे ठोके धाडधाड पडायचे. शेवटी फास मानेवर बसला. कॅथेटरचा पेला कॅप्सूलवर सरकवला, हळूहळू ओढलं, आकडे सरळ होत पेल्यात आले. लगेच इको, हृदयाभोवती रक्त साचलंय का ते पाहायला. नव्हतं.

नंतर मला डबीत ठेवलेली कॅप्सूल दाखवली. पुढच्या अर्ध्या भागावर पांढरट, चिवट पापुद्रा चढलेला, एका आकड्याला स्नायूचा तंतू लोंबत होता. शेपूट लखलखीत कोरं.

नवी डबी उजव्या बाजूला बसवून घेतली. तिकडून तार पडद्यात रोवणं जरा किचकट, पण पट्ट्याचं कारण डॉक्टरांनी मान्य केलं. जांघेत आठच्या आकड्याचा टाका, रात्रभर पाय सरळ. सिस्टर दर तासाला यायच्या, "ताई, गुडघा!" एवढंच म्हणून जायच्या. कंबर मोडून गेली. दुखण्यात तीच रात्र सगळ्यात वाईट, छातीचं काही नाही.

तीन महिन्यांनंतरच्या इकोत पंपिंग ४८ आलं. कोणी या वाटेला जाणार असेल तर पहिल्या वेळचं डिव्हाइस कार्ड आणि बसवतानाची सीडी जपून ठेवा. मुंबईत सगळ्यात आधी तेच मागितलं. टीपीएने पैसे दिले, फासाचे कापले. पॅकेजमध्ये बसत नाही म्हणे. अपील टाकलंय.