वाटणीआधी आजीची नाणी तपासून घेतली, त्याचा अनुभव

जुनी नाणी घरात असतील आणि किंमत काढायची असेल तर जो विकत घेणारे त्यालाच भाव विचारू नका, हे आधी सांगतो. आजीच्या मागे तिच्या डब्यातली नाणी बाबा आणि दोन्ही आत्यांमध्ये वाटायची होती. राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे, सहाव्या जॉर्जचे, काही ढब्बू पैसे, मूठभर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. युट्युब बघून प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच आकडा. ऑनलाइन एकाला फोटो पाठवले तर तो म्हणे लाखो देतो पण आधी रजिस्ट्रेशन फी भरा, वर रिझर्व्ह बँकेचं म्हणून एक पत्रही पाठवलं. आमचं नाव वापरून जुन्या नाण्यांवर फी-कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे तो विषय तिथंच बंद केला.

मग ओळखीतून नाण्यांचे एक अभ्यासक मिळाले, ते स्वतः खरेदी करत नाहीत, ठरलेली फी घेतात आणि लेखी यादी देतात. फोनवरच बजावलं की काहीही घासू नका, पितांबरी तर अजिबात नाही, घासलेल्या नाण्याची किंमत पडते.

सगळ्यांचा जीव १९३९ च्या रुपयात अडकलेला, कारण तो खरंच दुर्मिळ आहे. सरांनी आधी वजन केलं, ११.६६ ग्रॅम, बरोबर. मग भिंगाखाली धरून मला बघायला लावलं, शेवटच्या ९ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढलेली, तिथला पृष्ठभाग खरवडलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे मूळ १९३८ चा, ८ चा ९ केलेला. आत्याचा चेहरा पडला, पण खरं कळलं ते बरंच झालं ना, नाहीतर त्या एका रुपयावरून भावंडांत कायमचं वाकडं आलं असतं.

आणखी एक, आम्ही सगळे रुपये एकाच भावाने चांदी म्हणून धरले होते. राणीच्या रुपयात चांदी जवळपास ९२ टक्के, पण १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच, वजन मात्र तेवढंच. माळेसाठी कडी डाक दिलेल्या रुपयांना संग्राहक विचारत नाहीत, ते चांदीच्या भावात धरले आणि मोठ्या आत्याने हौसेने घेतले, ती ती माळ घालणारे.

शिवराया बघताना सर रमले. ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’, पण आमच्या बहुतेक पेशवाईतल्या दुदांडी, म्हणजे मजकुरामध्ये दोन रेघा असलेल्या, त्या भरपूर सापडतात म्हणून किंमत माफक, तरी मला त्याच सगळ्यात आवडल्या. अमेरिकेतल्या आतेभावाला त्या न्यायच्या होत्या, पण शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. त्या बाबांकडे राहिल्या आणि त्याने १९४३ चे रुपये घेतले.