मुरासु

१७ नोव्हेंबर, रविवार. क्योटो.

विसरायच्या आत लिहून ठेवते. कॉफी १५ ग्रॅम, पाणी २२५ ग्रॅम, दळण कालच्यापेक्षा ग्राइंडरचे दोन खटके जाड, एकूण वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. आज सकाळी पहिल्यांदा कॉफी हवी तशी झाली. इथिओपियाच्या हलक्या भाजलेल्या बिया. पहिल्या घोटाला मोसंबीची साल सोलताना येतो तसा वास, आणि कप निवत गेला तसा गोडवा वाढत गेला. खिडकीशी उभी राहून पूर्ण कप प्यायले. फोनला हातसुद्धा लावला नाही.

नऊ महिने झाले या खोलीला. पहिले सहा महिने मी इथे फक्त झोपायला येत होते. प्रयोगशाळेतून निघायचं, कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ओनिगिरी, भाताचा लाडू, घ्यायची, गादी पसरायची. भाताचा कुकर आणला होता, तो खोक्यातच होता. तेव्हा संध्याकाळी स्टेशनजवळच्या 'कुरासु' या कॉफीच्या दुकानात जायचे. छोटंसं दुकान, फळीवर ड्रिपर (कॉफी गाळायचे शंकू), किटल्या, बियांची पाकिटं. हातात गरम कप धरायला मिळायचा आणि कुणीतरी 'परत आलात' म्हणायचं, तेवढ्यासाठी.

एकदा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही घरी कशात करता?" मी म्हटलं, घरी करत नाही. मला वाटलं आता ती फळीवरची सगळ्यात देखणी चिनी मातीची वस्तू दाखवणार. तिने काढला प्लास्टिकचा व्ही-६०. म्हणाली, सुरुवातीला हाच बरा, गार चिनी माती पाण्यातली उष्णता ओढून घेते, हा घेत नाही. हारिओ कंपनीने २००५ साली काढलेला हा शंकू. बाजू साठ अंशांच्या, म्हणून नाव व्ही-६०. आतून वळत गेलेल्या कडा, खाली एकच मोठं भोक. पाणी किती वेगाने उतरेल हे ड्रिपर ठरवत नाही, ओतणारा हात ठरवतो.

घरी पहिल्या दिवशी जे झालं तो काढा होता. आजीचा तुळशी-मिऱ्याचा काढा बरा म्हणायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, तर तिने तीन प्रश्न विचारले. दळण किती बारीक? पाणी किती गरम? किती वेळ लागला? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. तिने कागदावर तीन ओळी आखून दिल्या आणि म्हणाली, रोज एकच गोष्ट बदला, बाकीच्या दोन तशाच ठेवा. दिवसभर प्रयोगशाळेत मी दुसरं काय करते? तो कागद आता या वहीच्या मागच्या पानावर चिकटवलाय.

कॉफीच्या दुकानाने गिऱ्हाइकाला घरी कॉफी करायला शिकवावं, याचं मला सुरुवातीला नवल वाटलं होतं. घरी चांगली जमली तर ते रोज कशाला येतील? पण या दुकानाची सुरुवातच कपापासून झालेली नाही. योझो ओत्सुकी यांनी २०१३ साली सिडनीत राहून ऑनलाइन दुकान काढलं, जपानी घरगुती वस्तू परदेशातल्या लोकांपर्यंत पोचवायला. त्यातून कॉफीच्या सामानाकडे वळले आणि २०१६ साली क्योटोत हे दुकान उघडलं. म्हणजे आधी घर, मग कप. नावही तेच सांगतं.

जपानीत 'राहणं' याला दोन शब्द आहेत. 'सुमु' म्हणजे पत्त्यावर राहणं. फॉर्मवर लिहितात ते. 'कुरासु' म्हणजे दिवस घालवणं, खाणंपिणं, झाडलोट, येणंजाणं यासकट जगणं. शिकवणीत बाईंनी हा फरक सांगितला तेव्हा मी समासात लिहिलं होतं: नांदणं. आपण हा शब्द सुनेच्या माथी मारून ठेवलाय, नांदायला गेली, नांदत नाही, म्हणून एकटं माणूस तो स्वतःसाठी वापरत नाही. पण याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. सहा महिने मी इथे सुमु करत होते.

दुसरा शब्द मला कॉफीनेच दिला. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. एकदम पाणी ओतलं तर तो बाहेर पडताना पाण्याला आत शिरू देत नाही, पाणी मिळेल त्या फटीतून पळून जातं. म्हणून आधी थोडंसंच ओतायचं, पुडीच्या वजनाच्या साधारण दुप्पट, आणि तीस सेकंद हात आवरायचा. पूड पुरणपोळीसारखी टम्म फुगते, बुडबुडे येतात, मग बसते. या थांबण्याला म्हणतात 'मुरासु'. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, भात शिजल्यावर झाकण न काढता ठेवतो ना, तेच.

आई अगदी हेच म्हणते. "लगेच उघडू नकोस, मुरू दे." दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोग आहे, हे मला कळतं. तरी त्या दिवशी घरी येऊन मी खोक्यातला कुकर काढला आणि भात लावला.

पाण्याचं आता कळायला लागलंय. क्योटोच्या नळाला बिवा सरोवराचं पाणी येतं. १८९० साली पुरा झालेला कालवा डोंगराखालच्या बोगद्यांतून ते शहरात आणतो. दुपारी नान्झेन्जीला गेले होते, तिथे देवळाच्या आवारातूनच त्याचा विटांचा पूल जातो. वर लाल मेपल, खाली फोटो काढणारे लोक, आणि पुलावरून पाणी निमूट चाललेलं. मऊ पाणी आहे, त्यात बियांचा आंबटपणा लख्ख उमटतो. आमच्या सोलापूरच्या घरी बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

हे आज पुन्हा आठवायचं कारण आई. आमच्या लॅबमधली एकजण मागच्या आठवड्यात भारतात गेली, तिच्याबरोबर दोनशे ग्रॅम बिया पाठवल्या होत्या. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर, इन्स्टंट पावडर आणि वर किसलेलं जायफळ. माझ्या परीक्षांच्या रात्री बाबा अकरा वाजता उठून ती करायचे. त्या वासाने मला अजून बीजगणित आठवतं. बाबा गेल्यापासून आईने ती केलेली नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला तर पाकीट ओट्यावर मांडून तयार.

"गाळायला काय घेऊ गं? तुझा तो शंकू नाही इथे."

मी सांगितलं, इथल्या जुन्या दुकानांत कापडातूनही करतात, फ्लॅनेलच्या पिशवीतून, 'नेल' म्हणतात. तिने चक्का बांधायचं नवं फडकं दोनदा उकळून आणलं. बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवायला लावल्या, साबुदाण्याएवढा जाड कण हवा म्हटलं. पाणी बोअरचं नको, प्यायचं घे. तिने पातेल्यावर फडकं ताणून बांधलं, पूड घातली, आणि पळीने थोडं थोडं पाणी सोडलं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, मला अर्धं पातेलं आणि तिच्या बांगड्या दिसत होत्या. पूड फुगली.

"अगं, हे बघ, वर आलं! वास बघ काय सुटलाय. आता?"

"आता थांब. तीस सेकंद. मुरू दे."

ती थांबली. घड्याळाकडे बघत होती बहुतेक. मग हळूच विचारलंन,

"झाकण ठेवू का?"